एसी गार करत नसेल तर गॅसचं नाव शेवटी काढा

एसीचा गारवा कमी झाला की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: गॅस संपला. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने निघून जाणार. शिवाय बऱ्याच तक्रारींत गॅसचा काहीच दोष नसतो. हवा गाळणारी जाळी तुंबलेली असते, बाहेरची कॉइल (गॅस वाहणाऱ्या नळ्यांची गुंडाळी) धुळीने बुजलेली असते, कपॅसिटर (कंप्रेसर आणि पंखा चालू व्हायला मदत करणारा विजेचा डबा) उतरलेला असतो, नाहीतर एखाद्या वायरीचं टोक जळलेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सेटिंग, मग हवा, मग पाणी, मग वीज आणि शेवटी गॅस. आतल्या कॉइलवरून हवाच कमी वाहत असेल तर गॅसचा दाब मीटरवर कमीच दिसतो. तो आकडा बघून गॅस भरला की धडधाकट मशीनमध्ये गॅस जादा होतो, मग द्रवरूप गॅस कंप्रेसरमध्ये परत जाऊन त्याचे व्हॉल्व्ह मोडू शकतात. हवा नीट वाहते आहे याची खात्री होईपर्यंत गेज (गॅसचा दाब मोजणारा मीटर) लावूच नये.

खालची माहिती भिंतीवरच्या स्प्लिट एसीची आहे. साध्या (एकाच वेगाने चालणाऱ्या) आणि इन्व्हर्टर एसीत जिथे फरक आहे तिथे तो वेगळा सांगितला आहे.

हात घालण्यापूर्वी

रिमोटने बंद केलेला एसी बंद नसतो. पॅनल काढण्याआधी एसीचा एमसीबी (विजेचा सुरक्षा स्विच) पाडा, प्लग असेल तर तो उपसा, आणि मल्टिमीटरने टर्मिनलवर व्होल्टेज शून्य असल्याचं बघा. साध्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका, न्यूट्रल तुटलेली असेल तर तो फसवतो.

वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार शिल्लक राहतो. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त डीसी असतो आणि तो उतरायला काही मिनिटं लागतात. किमान दहा मिनिटं थांबा, मग डीसी व्होल्ट मोजूनच हात लावा. बाहेरचं युनिट उंच भिंतीवर ब्रॅकेटवर टांगलेलं असेल तर ते काम सेफ्टी बेल्ट असलेल्या माणसाचं. खिडकीतून वाकून कपॅसिटर बदलण्याची हौस करू नये.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मेकॅनिकही दुर्लक्ष करतात: कंप्रेसर अर्थ झाल्याचा (आतली वीज त्याच्या धातूच्या अंगात उतरल्याचा) संशय असेल तर त्याच्या टर्मिनलवरचं झाकण काढून वीज चालू करू नका. खराब झालेलं टर्मिनल आतल्या दाबाने उडून बाहेर येऊ शकतं आणि पाठोपाठ गरम तेल आणि गॅसचा फवारा.

स्क्रू ड्रायव्हर न उचलता होणारी तपासणी

रिमोटवर 'कूल' मोड आहे ना ते बघा. 'ड्राय' मोडमध्ये पंखा हळू चालतो आणि कंप्रेसर थांबून थांबून चालतो, 'फॅन' मोडमध्ये तर कंप्रेसर लागतच नाही. टायमर आणि स्लीप बंद करा. रिमोट काम करतो का हे बघायला तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुढचा एलईडी स्क्रीनवर जांभळट लुकलुकला तर रिमोट ठीक. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, तेव्हा सेल्फी कॅमेऱ्याने बघा. रिमोट चांगला असूनही एसी ऐकत नसेल तर आतल्या युनिटचा पुढचा पॅनल उचला, तिथे उजव्या बाजूला छोटं 'ऑटो' बटण असतं. त्याने एसी चालू झाला तर दोष रिसीव्हरच्या काचेत किंवा त्याच्या वायरीत.

कंप्रेसर लगेच चालू झाला नाही म्हणून घाबरू नका. एकदा थांबल्यावर पुन्हा चालू होण्यापूर्वी साधारण तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती असते, दोन्ही बाजूंचा दाब समान व्हावा म्हणून.

आता गारवा मोजा. तापमान १६ किंवा १८ वर, पंखा सर्वांत जोरात, दारं-खिडक्या बंद, आणि १५ ते २० मिनिटं चालू द्या. इन्व्हर्टर एसीत हे फार आवश्यक आहे, कारण खोली गार होत आली की तो स्वतःच वेग कमी करतो आणि मापं खोटी दिसतात. एक थर्मामीटर वर, हवा आत ओढली जाते तिथे धरा आणि दुसरा फ्लॅपमध्ये, हवा बाहेर पडते तिथे. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर थंड करण्याचं काम नीट चाललं आहे. तरीही खोली गार होत नसेल तर दोष खोलीचा आहे: उन्हात तापलेलं छत, फटी, जास्त माणसं किंवा क्षमतेपेक्षा मोठी जागा. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता. त्याहून जास्त उष्णता आत येत असेल तर मशीन उघडून काही हाती लागणार नाही.

हवा फार दमट असेल तर हा फरक ७ अंशांवरही येतो. त्या वेळी ड्रेन पाइप बघा. त्यातून पाणी सतत टपकत असेल तर एसीची बरीच ताकद हवेतली वाफ पाणी करण्यात चालली आहे, तो बिघाड नव्हे. फरक ५ अंशांहून कमी असेल तर मात्र पुढे वाचा.

हवा: बहुतेक दुखणी इथेच सुटतात

जाळी काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर धुवा. पाणी ४० अंशांहून गरम नको, ब्रश मऊ हवा, आणि वाळवायची सावलीत. उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग खाचेत बसत नाही. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी हे करावं. जाळी न बसवता एसी 'तात्पुरता' चालवणं महागात पडतं, कारण ती धूळ ओल्या कॉइलवर चिकटते आणि तिथून ती काढणं हे वेगळंच काम आहे.

जाळी स्वच्छ असूनही हवा कमी लागत असेल तर टॉर्च घेऊन फ्लॅपच्या फटीतून ब्लोअर बघा. ब्लोअर म्हणजे आडवा लांब रोळ, त्याच्या पात्यांचा आकार खोलगट असतो. त्या खोलगटपणात धुळीचा काळा थर बसला की पंखा वेगाने फिरतो पण हवा ढकलत नाही. आवाज नेहमीचा, झोत मेलेला, हे त्याचं लक्षण. वरवर फवारलेल्या स्प्रेने हा थर निघत नाही. युनिटखाली पाणी गोळा करणारी प्लास्टिकची पिशवी अडकवून, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि मोटरची बाजू प्लास्टिकने झाकून, कमी दाबाच्या पंपाने ब्लोअर आणि कॉइल दोन्ही धुवावे लागतात. कॉइलवर पाणी पत्र्यांच्या (तिच्यावरच्या पातळ पट्ट्यांच्या) दिशेने वरून खाली मारा, आडवं मारलं तर पत्रे दुमडतात. अॅसिडचा क्लीनर आतल्या कॉइलवर वापरू नका. तो अॅल्युमिनियम खातो, तेव्हा चकचकीत दिसतं आणि पुढे गळती सुरू होते. कॉइलसाठी मिळणारा अॅसिड नसलेला फोम किंवा भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी पुरे. धुतल्यावर किमान तासभर वाळू द्या आणि मग पहिला अर्धा तास फक्त 'फॅन' मोडवर चालवा.

ओल्या मोज्यांसारखा वास येतो तोही याच थरातून. मात्र वास गटारासारखा असेल तर ड्रेन पाइप थेट सांडपाण्याच्या नळीला जोडलेला आहे का ते बघा. जळका वास आला तर तपास नंतर, आधी एमसीबी पाडा.

बाहेरच्या युनिटची कथा निराळी. आतली उष्णता तिथे टाकली जाते, आणि कॉइलमधून हवा गेली नाही तर गॅसचा दाब वाढतो, कंप्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि शेवटी ओव्हरलोडने (तापल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचने) बंद पडतो. सकाळी छान आणि दुपारी गार करत नाही, ही तक्रार असेल तर पहिला संशय याच कॉइलवर घ्या. मागच्या बाजूला टॉर्च मारा, केस, पिसं, धुळीचा नमदा दिसेल. वरचं झाकण आणि पुढची जाळी काढा, विजेची पेटी प्लास्टिकने गुंडाळा, आणि साध्या पाइपने आतून बाहेर पाणी मारा. बाहेरून मारलेल्या पाण्याने धूळ आणखी आत बसते. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे चपटे होतात, झाले असतील तर फिन कोम्बने (पत्रे सरळ करायच्या कंगव्याने) सरळ करा. युनिटच्या मागे किमान १५ सेंमी आणि पुढे हवा मोकळी जाईल एवढी जागा हवी, सोसायचं म्हटलं तरी अर्धा मीटर. सजावटीसाठी लावलेल्या लाकडी पट्ट्या आणि बंद बाल्कनी यांनी गरम हवा तिथेच फिरत राहते. त्यावर कोणताही गॅस उपाय नाही.

खोलीत पाणी गळतंय

कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने उताराने बाहेर जातं. गळती म्हणजे या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. बहुतेकदा तो बुळबुळीत शेवाळाचा लगदा असतो, ट्रे आणि पाइपच्या जोडाशी.

पाइपचं बाहेरचं टोक शोधा. ते बादलीत किंवा साचलेल्या पाण्यात बुडलेलं असेल तर आधी वर काढा, आतली हवा अडकून पाणी उतरत नाही. मग ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर त्या टोकाला लावा, फट ओल्या फडक्याने बंद करा आणि दोन-तीन मिनिटं ओढा. आतून फुंकर मारण्यापेक्षा बाहेरून ओढणं बरं. उलट दाबाने लगदा ट्रेमध्ये जातो आणि पाणी भिंतीवर उडतं. नंतर जाळी काढून कॉइलच्या वरच्या भागावर सावकाश एक लिटर पाणी ओता. ते सगळं बाहेरच्या टोकातून आलं पाहिजे. येत नसेल तर पाइप कुठेतरी दबला आहे किंवा त्याला उलटा चढ आहे. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, आणि मध्ये झोळ नको. भिंतीच्या छिद्रातून जाताना ड्रेन पाइप नेहमी तांब्याच्या पाइपांच्या खाली असला पाहिजे. बसवणाऱ्याने तो वर गुंडाळला असेल तर साफ करून काही दिवस बरं वाटेल, मग पुन्हा तेच.

पाइप मोकळा आणि तरी गळती, तर लेव्हल लावून युनिट बघा. ड्रेनच्या विरुद्ध बाजूला कललं असेल तर ट्रे त्या टोकाने ओसंडतो. थेंब युनिटच्या मागून, पाइपांच्या बाजूने येत असतील तर काळं इन्सुलेशन फाटलेलं आहे, उघड्या तांब्यावर घाम येतो आणि भिंत ओली होते. नवं इन्सुलेशन घालून टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे बाहेरच्या भागात पावसाचं पाणी थरांत शिरत नाही.

कॉइलवर बर्फ

बर्फ दिसला की लोकांना वाटतं, एसी जास्तच गार करतोय. उलट आहे. कॉइलचं तापमान शून्याखाली गेलं म्हणून बर्फ धरला, आणि बर्फाने हवेची वाट बंद केली म्हणून खोली गरम. कंप्रेसर बंद करून 'फॅन' मोडवर दोन तास वितळू द्या. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडलेला बर्फ म्हणजे भोक पडलेली कॉइल.

वितळवण्याआधी मात्र बर्फ कुठे आहे ते नीट बघून फोटो काढा, कारण निदान तिथेच आहे. पूर्ण कॉइलवर सारखा थर असेल तर हवा कमी आहे: जाळी, ब्लोअर, नाहीतर ब्लोअरची मोटर मंद. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, शिवाय बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपाच्या व्हॉल्व्हवर पांढरं दव गोठलेलं, तर गॅस कमी.

बाहेरचं युनिट चालू होत नाही

आधी ऐका. तीन वेगळे प्रकार असतात.

पंखाही नाही आणि कंप्रेसरही नाही, पूर्ण शांतता: वीजच पोचत नाही. साध्या एसीत आतल्या पीसीबीवरचा रिले (बोर्डच्या हुकमाने चालणारा स्विच) बाहेर वीज पाठवतो. आत 'टक' आवाज येतो पण बाहेर काही नाही, तर रिलेचे संपर्क जळले आहेत किंवा मधली केबल तुटली आहे. केबलला कुठे जोड दिला असेल तर पहिला संशय त्या जोडावर घ्या. बाहेरच्या टर्मिनल पट्टीवर वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर ती पट्टी बदला. नुसता स्क्रू आवळून भागत नाही, कारण जळलेल्या पितळेवर पुन्हा ठिणगी पडते.

पंखा फिरतो, कंप्रेसर पाच-दहा सेकंद घुमतो आणि 'टिक' करून बंद होतो, काही मिनिटांनी पुन्हा तेच: साध्या एसीत हा बहुतेकदा कपॅसिटर. व्होल्टेज कमी असलं तरी असंच होतं, म्हणून कंप्रेसर लागायच्या क्षणी व्होल्टेज बघा. २३० व्होल्टच्या लाइनवर ते १८०च्या आसपास घसरत असेल तर दोष एसीबाहेर आहे.

कंप्रेसर चालतो पण पंखा थांबलेला किंवा रेंगाळणारा: पंखा लगेच तपासा, कारण अशा अवस्थेत कंप्रेसर काही मिनिटांत तापून पडतो. वीज बंद करून पातं हाताने फिरवा. ते मोकळेपणी काही फेरे घेऊन थांबलं पाहिजे. अडखळत असेल तर बेअरिंग गेलं, मोकळं असेल तर पंख्याचा कपॅसिटर.

साध्या दीड टनी एसीत कंप्रेसरचा कपॅसिटर साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो आणि पंख्याचा २ ते ६ मायक्रोफॅरडचा. काही मशीनमध्ये दोन्ही एकाच डब्यात असतात, त्यावर 'सी' (कॉमन), 'हर्म' (कंप्रेसर) आणि 'फॅन' अशा तीन खुणा. बदलण्याची पद्धत:

१. वीज बंद, मल्टिमीटरने खात्री, झाकण उघडा, आणि एकही वायर काढण्याआधी फोटो घ्या.

२. २० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी दोन टर्मिनलांवर दहा सेकंद धरा. तिहेरी डब्यात 'सी' ते 'हर्म' आणि 'सी' ते 'फॅन' दोन्ही वेळा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडा, त्याने कपॅसिटरही जातो आणि डोळ्यांत ठिणगी येते.

३. वायर ओढू नका, तिचा लग (टोकाची धातूची क्लिप) पकडीने धरून काढा. लग सैल किंवा निळा-काळा पडला असेल तर नवा लावा.

४. मल्टिमीटर कपॅसिटन्सवर ठेवून मोजा. डब्यावर '४५ ± ५%' असेल तर ४२.७५च्या खाली तो निकामी समजा. वरचा पत्रा फुगला असेल किंवा तेल पाझरलं असेल तर मोजायचीही गरज नाही.

५. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही: ३७०च्या जागी ४४० चालतो, ४४०च्या जागी ३७० नाही. 'मोठा लावला की कंप्रेसर जोरात उठतो' हा सल्ला धुडकावून लावा. त्याने स्टार्ट वाइंडिंगमधून (कंप्रेसरच्या मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून) कायम जास्त करंट वाहतो.

६. डबा पट्टीने घट्ट बसवा. हलणारा डबा वायरी घासतो.

नव्या कपॅसिटरनेही कंप्रेसर उठला नाही तर वीज बंद ठेवून, कपॅसिटर रिकामा करून आणि कंप्रेसरच्या वायरी सोडवून वाइंडिंग ओहममध्ये मोजा. तीन टर्मिनल असतात: कॉमन, रन, स्टार्ट. कॉमन-रन सर्वांत कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन-स्टार्ट हे या दोघांच्या बेरजेइतकं. उदाहरणार्थ १.८, २.६ आणि ४.४ ओहम. कॉमनपासून दोन्हीकडे मीटर काहीच दाखवत नाही, पण रन-स्टार्ट व्यवस्थित दिसतं, तर आतला ओव्हरलोड उघडला आहे. कंप्रेसर मेला म्हणून जाहीर करण्याआधी त्याला दोन-तीन तास थंड होऊ द्या. कितीतरी चांगले कंप्रेसर या घाईत भंगारात जातात. कोणत्याही टर्मिनलपासून तांब्याच्या पाइपापर्यंत मात्र जोड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर कंप्रेसर अर्थ झाला, तो बदलावाच लागतो.

इन्व्हर्टर कंप्रेसरचं हे गणित वेगळं आहे. त्याला असा कपॅसिटर नसतो, तिन्ही वाइंडिंग सारखीच मोजली पाहिजेत, आणि थेट लाइनची वीज त्याला कधीही लावू नये. वाइंडिंग सारखी असूनही तो फिरत नसेल तर दोष बहुधा बाहेरच्या बोर्डवरच्या पॉवर मॉड्यूलमध्ये असतो. ते मॉड्यूल बदलताना मागची थर्मल पेस्ट पातळ आणि एकसारखी लावावी लागते. जाड थर उष्णता अडवतो आणि नवं मॉड्यूलही जातं.

सेन्सर आणि एरर कोड

कोड प्रत्येक बनावटीचा वेगळा असतो. एकाचा 'ई-१' म्हणजे तापमानाचा सेन्सर, तर दुसऱ्याचा तोच कोड दोन युनिटांमधलं संभाषण तुटल्याचा. म्हणून त्या मॉडेलच्या पुस्तिकेशिवाय अर्थ लावू नका. कोड टिपून घ्या, एमसीबी दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा चालू करा. विजेच्या झटक्याने आलेला कोड पुन्हा येत नाही, खरा बिघाड परत येतो.

संभाषणाच्या कोडमध्ये बोर्ड बदलण्यापूर्वी मधल्या वायरींचे आकडे आत आणि बाहेर जुळतात का ते बघा. नव्याने बसवलेल्या किंवा जागा बदललेल्या एसीत अदलाबदल हेच कारण निघतं.

सेन्सर तपासणं सोपं आहे. तो बोर्डवरून काढून ओहममध्ये मोजा. २५ अंशांना तो मॉडेलप्रमाणे ५, १०, १५ किंवा २० किलोओहम असतो, आणि मुठीत धरल्यावर आकडा संथपणे उतरला पाहिजे. उड्या मारणारा, शून्य किंवा अनंत आकडा म्हणजे सेन्सर गेला. नवा त्याच किलोओहमचा हवा. चुकीचा बसवला तर एसी चालतो, पण खोली २८ अंशांवर असताना त्याला २२ वाटतात आणि तो कंप्रेसर बंद करतो. कॉइलचा सेन्सर कधी कधी त्याच्या तांब्याच्या नळीतून निसटून लोंबकळत असतो, हेही बघायला विसरू नका.

एमसीबी पडतो

चालू करताक्षणी पडला तर शॉर्ट आहे. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर करंट जास्त आहे, म्हणजे तुंबलेली बाहेरची कॉइल किंवा थांबलेला पंखा, नाहीतर एमसीबीच्याच स्क्रूशी सैल वायर तापते आहे. एमसीबी हाताला गरम लागतो का बघा. मोठ्या आकड्याचा एमसीबी बसवणं हा उपाय नाही, त्याने फक्त वायर जळायची वेळ येते. आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर विजेची गळती अर्थकडे आहे. बाहेरचं युनिट वेगळं करून आतलं एकटं चालवा, म्हणजे बाजू कळेल. मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा तर पीसीबी सोडवून, नाहीतर ५०० व्होल्टने तोच जायचा. वाचन एक मेगाओहमच्या खाली असेल तर तो भाग सेवेतून काढा.

आता गॅस

जाळी, दोन्ही कॉइल, दोन्ही पंखे ठीक, कंप्रेसर चालतो, आणि तरी हवेतला फरक ५ अंशांखाली. साध्या एसीत क्लॅम्प मीटरने करंट मोजा. नावपट्टीवरच्या आकड्यापेक्षा तो बराच कमी असेल, जाड पाइप हाताला गार लागत नसेल आणि त्यावर घाम नसेल, तर गॅस कमी आहे हे मानायला हरकत नाही.

गळती बहुधा फ्लेअर नटाशी (पाइपाचं पसरट केलेलं तोंड आवळणाऱ्या नटाशी) सापडते. तिथे तेलाचा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, साबणाचा घट्ट फेस लावला की बुडबुडे येतात. नट आवळून बघा, पण जोर बेताचा: पाव इंची पाइपाला सुमारे १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. जास्त आवळल्याने फ्लेअरचं तोंड चिरतं. चिरलं असेल तर कापून नवं तोंड करा, टेफ्लॉन टेपने ते बुजत नाही. आतल्या कॉइलच्या तांब्यात गंजून बारीक छिद्रं पडली असतील तर एक बुजवलं की दुसरं उघडतं, तिथे कॉइल बदलणंच शहाणपणाचं.

यापुढचं काम प्रशिक्षित माणसाचं, पण ते कसं व्हायला हवं हे घरच्यांना माहीत असावं. उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला जातो, हवेत सोडला जात नाही. मग कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन तो किमान अर्धा तास टिकतो का बघतात. ऑक्सिजन चालत नाही: तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. एसीच्या गॅसांपैकी आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो पूर्ण ज्वलनशील. या मशीनांवर गॅस काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय ब्रेझिंगची (पाइप डाक देऊन जोडण्याची) ज्योत पाइपाजवळ नेता येत नाही.

नंतर व्हॅक्यूम पंप. 'थोडा गॅस सोडून हवा काढली' हे व्हॅक्यूम नव्हे. पंप ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं एकक) न्यायचा, व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आकडा चढतच राहिला तर गळती शिल्लक आहे, थोडा चढून थांबला तर ओल. ओल राहिली की तेलाशी मिळून अॅसिड बनतं आणि कंप्रेसरचं वाइंडिंग आतून सडतं.

गॅस वजनाने भरावा. नावपट्टीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात, वजनकाटा न आणता आलेल्या माणसाला परत पाठवलंत तरी चालेल. इन्व्हर्टर एसीत वेग बदलला की दाब बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजवरून अंदाज करणं तिथे अजिबात भरवशाचं नाही. आर-४१०ए हा दोन गॅसांचं मिश्रण आहे, म्हणून तो सिलिंडरमधून द्रवरूपात काढावा लागतो. त्याचा दाब आर-२२ या गॅसपेक्षा सुमारे दीडपट असतो, त्यामुळे एकाच्या मशीनमध्ये दुसरा भरण्याचा विचारही नको. पाइप पुस्तिकेत दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर दर जादा मीटरला किती ग्रॅम वाढवायचे तेही पुस्तिकेतच असतं.

भरून झाल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा दोन थर्मामीटर लावा. भरलेले ग्रॅम, करंट, आतली-बाहेरची तापमानं आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून बाहेरच्या युनिटच्या झाकणाच्या आत लावा, पुढच्या तपासणीत हेच आकडे कामी येतात. शेवटी सर्व्हिस व्हॉल्व्हवरच्या पितळी टोप्या परत बसल्या आहेत ना ते बघा. त्या नुसत्या धुळीसाठी नसतात, गॅसची शेवटची सील त्यांच्यात असते. टोपी हरवली असेल तर त्याच मापाची आणा, पाना लावून बसवा आणि तिच्याभोवतीही एकदा फेस लावा.